फायनान्समध्ये जॉब बदलताना कॉलेजचे मार्क कुणी बघतं का?

दोन-तीन वर्षं नोकरी झालेली असते, काम नीट चाललेलं असतं, आता बदलायचं मनात असतं, पण सीव्ही उघडला की नजर आधी शिक्षणाच्या ओळीवर जाते आणि तिथला आकडा बघून अर्धा उत्साह तिथेच संपतो. फायनान्समध्ये हे जास्तच होतं कारण या क्षेत्रात कॅम्पसवर मार्कांना इतकं डोक्यावर घेतात की ते जन्मभर पाठ सोडणार नाहीत असंच वाटायला लागतं. तर उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिल्या नोकरीला मार्क खूप लागतात, पहिल्या स्विचला थोडेफार लागतात, आणि त्यानंतर काही ठरावीक जागा सोडल्या तर त्यांच्याकडे फारसं कुणी वळून बघत नाही. पण असं का होतं हे कळलं ना, की आपली केस यात कुठे बसते ते स्वतःलाच ठरवता येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी समोरच्याच्या खुर्चीत बसून बघा. बँकेला ॲनालिस्टच्या थोड्याशा जागा भरायच्या आहेत आणि अर्ज आलेत त्याच्या कितीतरी पट. सगळे एकाच वयाचे, सगळ्यांनी एखाद-दुसरी इंटर्नशिप केलेली, सगळ्यांना एक्सेल येतं, सगळे मेहनती आहेत असं सगळ्यांनीच लिहिलंय. सगळ्यांचे इंटरव्ह्यू घ्यायला वेळ नाही. अशावेळी चाळणी म्हणून एकच गोष्ट हाताशी असते जी प्रत्येकाकडे आहे, आकड्यात आहे आणि एका क्लिकवर वरखाली लावता येते, ती म्हणजे मार्क. अमेरिकेत चारपैकी ३.५ च्या आसपास रेष ओढलेली दिसते, ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं अप्पर सेकंड क्लासची, म्हणजे फर्स्ट क्लासच्या लगेच खालच्या श्रेणीची, अट असायची. ३.४ वाला ३.६ वाल्यापेक्षा कच्चा असतो असं रिक्रूटरलाही वाटत नसतं, पण रेष कुठेतरी ओढायचीच असते आणि ती ओढली की कुणीतरी तिच्या खाली राहतोच. आणि ही रेषसुद्धा दगडावरची नाही बरं का, ईवाय या मोठ्या ऑडिट फर्मच्या ब्रिटन ऑफिसने २०१५ मध्ये ती अट काढायचं जाहीर केलं आणि तशाच दुसऱ्या फर्मने, पीडब्ल्यूसीने, २०२२ मध्ये तेच केलं, आणि हे अगदी फ्रेशर भरतीच्या पातळीवर.

अर्थशास्त्रात यावर फार सुंदर काम झालेलं आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं की नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या खुणांवर भरवसा ठेवतो, आणि शिक्षण ही तशीच खूण आहे, कारण ज्याच्यात दम नाही त्याला ती मिळवणं जास्त जड जातं. याच विषयाच्या कामासाठी २००१ मध्ये त्यांना जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. आता या विचारातच पुढचं उत्तर दडलंय बघा. खुणेवर माणूस कधीपर्यंत अवलंबून राहतो? खरी गोष्ट दिसत नाही तोपर्यंतच. एकदा कुवत उघड्या डोळ्यांनी दिसायला लागली की खुणेचं काम संपलं.

आणि हे नुसतं तर्काने म्हणायचं नाही. जोसेफ अल्टोंजी आणि चार्ल्स पिअरे या दोघांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या तरुणांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्याकडे या मुलांचे एका क्षमता चाचणीतले गुण होते जे कंपन्यांना माहीतच नव्हते. दिसलं असं की सुरुवातीला पगार शिक्षणाला जास्त चिकटून असतो, जसजशी नोकरीची वर्षं वाढतात तशी ती पकड ढिली होते आणि त्या लपलेल्या क्षमतेचा पगाराशी संबंध वाढत जातो. म्हणजे कंपन्या माणसाला बघून बघून ओळखायला लागतात. पुढे २००७ मध्ये फॅबियन लँग यांनी हे किती वेगाने होतं त्याचा हिशोब मांडला, तर माणसाबद्दलचा सुरुवातीचा अंदाज जितका चुकलेला असतो त्यातली अर्धी चूक साधारण तीन वर्षांत भरून निघते. हा अभ्यास सगळ्या क्षेत्रांचा आहे आणि नुसत्या मार्कांचा नाही, एकूण शिक्षणाचा आहे, तरी 'तीन वर्षांनी मार्क विचारत नाहीत' असं जे लोक एकमेकांना सांगतात त्याला थोडा आधार इथे मिळतो.

मात्र 'मार्कांना काही अर्थच नसतो' असं जे ठोकून देतात तेही खरं नाही. १९९६ मध्ये फिलिप रॉथ आणि सहकाऱ्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासलं तर मार्क आणि कामातली कामगिरी यांच्यात संबंध निघाला, फार मोठा नाही पण शून्यही नाही, आणि पदवीनंतर जितकी वर्षं जास्त तितका तो संबंध कमी होत गेला. त्यामुळे फ्रेशर घेताना मार्क बघणारा रिक्रूटर मूर्ख नसतो. दहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला मार्क विचारणारा मात्र हातात चांगली माहिती असताना जुनी चाळत बसलेला असतो.

आता फायनान्सचं वेगळेपण. इथलं काम मागे माग ठेवून जातं. इक्विटी रिसर्चमध्ये तुम्ही कुठले शेअर कव्हर केले, कुठे खरेदी सांगितली, तेव्हा तुमचा युक्तिवाद काय होता, पुढे काय झालं, सगळं तारखेसकट रेकॉर्डवर असतं. बँकिंगमध्ये कुठल्या डीलवर, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीसारख्या कुठल्या व्यवहारावर होतात ते सांगता येतं, ट्रेडिंगमध्ये नफा-तोट्याचा आकडा असतो, क्रेडिटमध्ये दिलेली कर्जं फिटली की बुडाली ते काही वर्षांत कळतंच. इतका थेट पुरावा फार कमी क्षेत्रांत मिळतो, त्यामुळे इथे अनुभवी माणसाचा इंटरव्ह्यू लगेच कामावर येतो.

समजा कुणी चार वर्षं क्रेडिट ॲनालिस्ट आहे आणि दुसऱ्या बँकेत जायचंय. समोरचा काय विचारेल? कुठले सेक्टर बघितलेस, सगळ्यात मोठी फाईल कुठली, एखादं कर्ज तू नको म्हणालास असं झालंय का आणि का नको म्हणालास. मग एखादी केस टाकेल की कंपनीचा नफा दरवर्षी वाढतोय पण ऑपरेटिंग कॅश फ्लो, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष हातात येणारी रोकड, उणे आहे, तू आधी काय बघशील. ज्याने खरं काम केलंय तो लगेच येणी आणि स्टॉककडे जातो, म्हणजे गिऱ्हाइकांकडून पैसे यायचे दिवस वाढलेत का, माल पडून राहतोय का, विक्री वर्षाच्या शेवटच्या महिन्यात अचानक का फुगली, मग कर्जाचे हप्ते कशातून फिटतायत, की नवीन कर्ज काढून जुनं फेडतायत. या पाच मिनिटांत समोरच्याला जे कळतं ते कुठल्याही गुणपत्रिकेतून कळलं नसतं, आणि तो पुढचा प्रश्न तुमच्या अर्थशास्त्राच्या पेपरबद्दल विचारेल याची शक्यता जवळपास नाहीच.

आणि मार्कांची जागा पूर्ण रिकामी राहते असंही नाही, तिथे दुसरा आकडा येऊन बसतो, याबद्दल पुरेसं कुणी बोलत नाही. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकांमध्ये ॲनालिस्टची दरवर्षी क्रमवारी लागते, वरचा गट, मधला गट, खालचा गट, आणि बोनस त्यावर ठरतो. हेडहंटर, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधून देणारा, फोनवर सरळ विचारतो की तू कुठल्या बकेटमध्ये होतास. प्रमोशन वेळेवर झालं की उशिरा, ॲनालिस्टची ठरलेली दोन वर्षं संपल्यावर तिसऱ्या वर्षासाठी थांबायला सांगितलं का, टीम बदलली तर स्वतःहून की बदलायला लावली, हे सगळं विचारलं जातं. जॉब बदलताना तुमचा खरा सीजीपीए हाच, आणि तो सुधारायची संधी दरवर्षी मिळते. मला वाटतं कॉलेजच्या आकड्यावर झुरत बसलेल्यांनी ही गोष्ट आधी डोक्यात घ्यावी.

आता त्या जागा, जिथे मार्क खरंच परत वर येतात.

सगळ्यात ठळक म्हणजे अमेरिकेतली प्रायव्हेट इक्विटी भरती, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या विकत घेणाऱ्या फंडांमधली. मुलगा बँकेत ॲनालिस्ट म्हणून लागून काही महिनेसुद्धा झालेले नसतात तोवर हेडहंटरचे फोन सुरू होतात, आणि ती नोकरी सुरू होणार असते जवळपास दोन वर्षांनी. हे इतकं लवकर सरकत गेलं की २०२५ मध्ये जेपी मॉर्गनने नव्याने येणाऱ्या ॲनालिस्टना कळवलं की रुजू व्हायच्या आधी किंवा पहिल्या १८ महिन्यांत दुसरीकडची ऑफर घेतलीत तर इथून काढू, आणि अपोलो या प्रायव्हेट इक्विटी फर्मने त्या वर्षी २०२७ च्या बॅचसाठी इंटरव्ह्यू घेणार नाही असं सांगितलं. आता विचार करा, अशा उमेदवाराकडे दाखवायला काय असतं? एकही डील पूर्ण झालेली नसते. मग हेडहंटर बघतो कॉलेज, मार्क आणि काही वेळा शाळेनंतरच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअरसुद्धा. स्विच आहे पण पुरावा फ्रेशरइतकाच आहे, म्हणून नियम फ्रेशरचाच लागतो. हीच व्यक्ती दीड-दोन वर्षं थांबून भरतीच्या त्या लाटेबाहेर, एखाद्या लहान फंडात जागा निघाल्यावर गेली तर डीलबद्दल जास्त विचारतील आणि मार्कांबद्दल कमी.

दुसरी जागा क्वांट, म्हणजे गणिती मॉडेलवर चालणारं ट्रेडिंग आणि गुंतवणूक. तिथे मार्क म्हणजे सगळे नाही, गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग यांचे मार्क बघतात आणि ते बरीच वर्षं बघतात, कारण कामाचा आणि त्या विषयांचा थेट संबंध आहे. पण तिथेही शेवटी प्रॉबॅबिलिटीचे प्रश्न आणि कोडिंगच्या राऊंडमध्येच निकाल लागतो, त्यामुळे प्रश्न सोडवता येत असतील तर जुना आकडा बराचसा धुतला जातो.

तिसरी जागा सगळ्यात जास्त लोकांना लागू होते आणि तिचीच तयारी सगळ्यात कमी लोक करतात. ती म्हणजे ट्रॅक बदलणं. ऑडिटमधून इन्व्हेस्टमेंट बँकिंगला, ऑपरेशन्समधून रिसर्चला, रिटेल बँकिंगमधून ट्रेझरीला. इथे तुमच्याकडे अनुभव आहे पण समोरच्याला तो कसा मोजायचा हे कळत नाही, आणि मोजता येत नाही म्हटल्यावर तो परत ओळखीच्या खुणांकडे जातो, कॉलेज कुठलं, मार्क किती. म्हणजे आठ वर्षांच्या अनुभवानंतरही मार्क विचारले गेले तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की तुमचा अनुभव त्याला या कामाचा पुरावा वाटलेला नाही. उपायही मग तिथेच शोधायचा. ऑडिटवाल्याने बँकिंगला अर्ज करताना ऑडिटच्या कामातलं जे बँकिंगच्या भाषेत येतं ते पुढे काढायचं, एखाद्या कंपनीच्या अधिग्रहणाच्या वेळी ड्यू डिलिजन्स, म्हणजे विकत घ्यायच्या आधीची कसून तपासणी, केलं असेल तर ते सगळ्यात वर, नफ्याच्या आकड्यातून एकदाच येणारी उत्पन्नं बाजूला काढली असतील तर ते लिहायचं, आणि स्वतः बनवलेलं एखादं व्हॅल्युएशन मॉडेल, म्हणजे कंपनीची किंमत काढणारी एक्सेल शीट, तयार ठेवायचं जे समोर उघडून दाखवता येईल. किंवा उडी दोन टप्प्यांत मारायची, आधी त्याच फर्ममध्ये ट्रान्झॅक्शन ॲडव्हायझरीला, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत सल्ला देणाऱ्या टीममध्ये, मग तिथून बँकेत.

बाकी काही ठिकाणी ऑनलाईन फॉर्ममध्येच किमान मार्कांचा रकाना असतो, अनुभवी लोकांच्या भरतीलाही, तिथे सिस्टीम परस्पर नाही म्हणते आणि वाद घालायला समोर माणूसच नसतो. अशावेळी रेफरल किंवा थेट टीमच्या मॅनेजरशी बोलणं हाच रस्ता, कारण लॅटरल, म्हणजे अनुभवी लोकांच्या भरतीत मॅनेजरला माणूस हवा असेल तर एचआर बऱ्याचदा फॉर्म मागाहून भरून घेतं.

एमबीएचा विषय निघतोच. एमबीएला प्रवेश घेताना पदवीचे मार्क बघतात, तिथे सुटका नाही, पण एमबीए झालं की आधीचा आकडा मागे पडतो. आणि इथे एक गंमतशीर वस्तुस्थिती आहे, वॉर्टन, शिकागो बूथ, स्टॅनफर्ड यांसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी मिळून असा पायंडा पाडलाय की नोकरी शोधताना रिक्रूटरला मार्क सांगायचेच नाहीत. तरीही मोठमोठ्या बँका आणि फंड तिथूनच भरती करतात आणि त्यांचं काही अडत नाही. चाळणी आधीच दुसरीकडे कुठे लागलेली असेल (इथे ती प्रवेशालाच लागलेली असते) तर फायनान्सवाले मार्कांशिवायही माणूस निवडू शकतात याचा याहून मोठा दाखला कुठला हवा!

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी आणि ती थोडी कडू आहे. मार्क थेट विचारले जात नाहीत तरी त्यांची सावली राहते, कारण मार्कांवर पहिली नोकरी मिळाली आणि पहिल्या नोकरीच्या नावावर दुसरी. पण पहिली नोकरी फक्त मार्कांवर ठरते का? स्टॅनफर्डच्या पॉल ओयर यांचा २००८ मधला अभ्यास आहे. त्यांनी तिथल्या एमबीए झालेल्यांच्या अनेक बॅच तपासल्या आणि दिसलं की ज्या वर्षी शेअर बाजार वर होता त्या वर्षी पास झालेले जास्त संख्येने इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये गेले, आणि जे सुरुवातीलाच तिथे गेले ते पुढे बरीच वर्षं तिथेच राहिले, कमाईही तशीच वाढली. बाजार पडलेला असताना बाहेर पडलेल्यांचा वाटा कमी. म्हणजे सुरुवात कुठे झाली यात नशिबाचा, पास व्हायच्या वर्षाचा हात मोठा. ज्यांना पहिली नोकरी हवी तशी मिळाली नाही त्यांनी सगळा दोष स्वतःच्या मार्कांना देऊ नये, हे मला मनापासून सांगायचंय.

सर्टिफिकेशनबद्दल. सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची परीक्षा) आणि एफआरएम (रिस्क मॅनेजमेंटची परीक्षा) यांचा खरा उपयोग असा की तुमच्या अभ्यासाच्या कुवतीचा ताजा पुरावा मिळतो, आणि ताज्या पुराव्यापुढे जुना आकडा फिका पडतो. सीएफएच्या तीन लेव्हल आहेत आणि चार्टर, म्हणजे शेवटचं प्रमाणपत्र, मिळायला किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. सीव्हीवर कुणी त्यातले मार्क लिहीत नाही, पास एवढंच पुरतं. रिसर्च आणि ॲसेट मॅनेजमेंटमध्ये सीएफएला वजन आहे, रिस्कमध्ये एफआरएमला, डील करणाऱ्या टीममध्ये दोन्हीचं वजन कमी, तिथे मॉडेल आणि डीलच लागतात. पण कमी मार्कांची भरपाई म्हणून एकामागोमाग एक कोर्स करत सुटू नका, पाच सर्टिफिकेट आणि दाखवण्यासारखं एक काम नाही असा सीव्ही उलट शंका निर्माण करतो.

सीव्हीवर काय लिहायचं? मार्क चांगले असतील तर पहिल्या दोन-तीन वर्षांत ठेवा, मग काढून टाका, आणि अनुभव वर घेऊन शिक्षण खाली सरकवा. मार्क कमी असतील तर पहिल्या स्विचपासूनच आकडा लिहू नका, डिग्री, कॉलेज, वर्ष एवढं पुरे, याला लपवाछपवी म्हणत नाहीत. पण विचारलं तर खरं सांगायचं. ३.३६ चा ३.५ करायचा नाही, टक्केवारी राऊंड करून वर न्यायची नाही, 'कुठे तपासतायत' हा विचार तर अजिबात नको, कारण ऑफर दिल्यावर बॅकग्राउंड चेक होतो, डिग्री विद्यापीठाकडून पडताळतात आणि काही जागांवर पूर्ण गुणपत्रिका मागतात. या धंद्यात दुसऱ्यांचा पैसा हाताळायचा असतो, त्यामुळे कमी मार्क चालतात पण खोटा आकडा चालत नाही. अमेरिकेत ब्रोकरेजमध्ये काम करणाऱ्यांचा यू४ नावाचा फॉर्म असतो, त्यात मागच्या दहा वर्षांतल्या नोकऱ्या, ग्राहकांच्या तक्रारी, नियामकांच्या कारवाया सगळं येतं, मार्कांचा रकाना त्यात नाही, यावरून नियामकाला कशाची काळजी आहे ते कळतं.

इंटरव्ह्यूत कुणी विचारलंच की मार्क कमी का, तर उत्तर लहान ठेवा. कारण असेल ते एका वाक्यात, घरची जबाबदारी होती, पार्टटाइम काम करत होतो, किंवा सरळ तेव्हा लक्ष नव्हतं, आणि लगेच त्यानंतर काय केलं ते. प्राध्यापक, विद्यापीठ, पेपर तपासणी यांच्यावर ढकलू नका. दोन मिनिटं खुलासा देत बसलात तर जो मुद्दा समोरच्याने सहज विचारला होता तो तुम्हीच मोठा करून ठेवता.

आणि वेळ घालवायचाच असेल तर तो डील शीटवर घालवा. एक पान, त्यात प्रत्येक महत्त्वाचं काम दोन-तीन ओळींत, व्यवहार कसला होता, साधारण आकार काय, माझं नेमकं काम काय होतं, शेवटी काय झालं. 'टीमने केलं' असं लिहू नका, मॉडेलचा कुठला भाग तुमचा होता ते लिहा, कारण प्रश्न तिथेच येणार. जाहीर न झालेल्या व्यवहारात क्लायंटचं नाव अजिबात घालायचं नाही, 'मध्यम आकाराची औषध कंपनी' एवढंच, कारण नाव फोडणारा माणूस उद्या आपलंही नाव फोडेल हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं. आणि जी डील झाली नाही तीही लिहा, ती का मोडली हे ज्याला नीट सांगता येतं त्याच्याशी गप्पा बहुतेक वेळा तिथेच सगळ्यात जास्त रंगतात.